गोंडी भाषेतील मायेचे शब्द

मराठी घरात आई आपल्या मुलाला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे वाक्य सहसा उच्चारीत नाही. मुलगा शाळेतून आला की ती विचारते, “भूक लागली का रे?” तो परगावी निघाला की दाराशी उभी राहून म्हणते, “पोहोचलास की पत्र टाक.” रात्री अंगावरचे पांघरूण सरकले तर ते मुकाट्याने सारखे करते. कोशात ‘प्रेम’ या शब्दापुढे जो अर्थ दिलेला असतो तो ह्या तिन्ही गोष्टींत ओतप्रोत भरलेला असतो. परंतु तो शब्द मात्र कोठेही आलेला नसतो. एखाद्या भाषेतील माया शोधावयाची असेल तर ती तिच्या पाण्याच्या, अन्नाच्या, घराच्या व नात्यांच्या शब्दांतच शोधली पाहिजे.

ह्या दृष्टीने गोंडी भाषेकडे पाहणे नागपूरकरांस विशेष अगत्याचे आहे. ज्या नगरात ते राहतात ते देवगडच्या गोंड घराण्यातील राजा बख्त बुलंद शहा याने इ. स. १७०२ च्या सुमारास वसविले. पुढे भोसल्यांचे राज्य आले, इंग्रजांचे आले, तेही गेले. महाल भागातील गोंड राजाच्या किल्ल्याचे नाव मात्र अद्याप लोकांच्या तोंडी आहे. असे असूनही ज्या लोकांनी हे नगर वसविले त्यांच्या भाषेतील दहा शब्द सांगा म्हटले, तर शहरातील सुशिक्षित घरांपैकी फारच थोड्या घरांतून उत्तर मिळेल. शेजाऱ्याचे नाव ठाऊक, त्याचे घर ठाऊक, परंतु तो आपल्या लेकराला काय म्हणून हाक मारतो हे ठाऊक नाही, असा हा प्रकार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोंडी म्हणजे मराठीचा किंवा हिंदीचा एखादा बिघडलेला प्रकार, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः गोंडी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा असून तेलुगू, तामिळ व कानडी ह्या तिच्या बहिणी आहेत. पुरावा हवा असेल तर स्वतःच्या शरीरावरच हात ठेवून पाहावा. गोंडीत डोळ्यास ‘कन’ म्हणतात. तामिळात ‘कण्’, कानडीत ‘कण्णु’, तेलुगूत ‘कन्नु’. हातास गोंडीत ‘कै’, आणि तामिळात व कानडीतही ‘कै’च. दुधास गोंडीत ‘पाल’. तामिळात ‘पाल्’, तेलुगूत ‘पालु’, कानडीत ‘हालु’. शरीराचे अवयव आणि आईचे दूध यांची नावे भाषा सहसा उसनी आणीत नाही. ती घरचीच असतात. मेळघाटातील कोरकू लोकांची भाषा पुष्कळ लोक गोंडीच समजतात, तोही भ्रमच आहे. कोरकू ही मुंडा कुळातील, म्हणजे तिसऱ्याच घराण्यातील भाषा आहे.

गोंडीला व्याकरण नाही हा दुसरा गैरसमज. एक डोळा ‘कन’, तर अनेक डोळे ‘कंक’. एक हात ‘कै’, तर अनेक हात ‘कैक’. ‘मर्री’ म्हणजे मुलगा, व ‘मर्क’ म्हणजे मुलगे. मराठीत ज्याप्रमाणे माझा मुलगा, माझी मुलगी, माझे घर असे ‘माझा’ ह्या शब्दाचे रूप पुढच्या नामाप्रमाणे पालटते, त्याप्रमाणे गोंडीतही पालटते: ‘नावोर मर्री’ म्हणजे माझा मुलगा, ‘नावा मियाड’ म्हणजे माझी मुलगी, व ‘नावा रोन’ म्हणजे माझे घर. येथे चौकस वाचकाच्या ध्यानात येईल की मुलगी आणि घर ह्यांस एकच रूप लागले. गोंडीत पुरुषवाचक शब्दांचा एक वर्ग आणि स्त्रिया, पशू व वस्तू यांचा दुसरा वर्ग, अशी वाटणी आहे. ‘ओर’ म्हणजे तो, आणि ‘अद’ म्हणजे ती किंवा ते. तेलुगूतही एकवचनात अशीच वाटणी आढळते. यावरून गोंडांच्या घरात मुलीची माया कमी, असा तर्क कोणी करू नये. मराठीत ‘लेकरू’ आणि ‘मूल’ ही नपुंसकलिंगी आहेत, म्हणून मराठी आईच्या मायेस काही उणेपणा येत नाही. व्याकरणाच्या तागडीत हृदय तोलता येत नाही.

ह्या भाषेचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या परकीयांपैकी एकाचे नाव नागपुरात आजही रोज घेतले जाते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली ह्या भागात आले. त्यांनी शाळा काढल्या, दगडांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला, आणि गोंडांच्या वस्त्यांत बसून शब्द व गीते टिपून घेतली. १८६३ साली टाकळघाटजवळ नदी ओलांडताना बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केली. त्यांत परधान गायकाच्या मुखातून उतरवून घेतलेले लिंगोचे दीर्घ गीत आहे. लिंगो हा गोंडांचा आद्य गुरू. लोकांना कुळांची व्यवस्था लावून देणारा. हिस्लॉप महाविद्यालयासमोरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना हे ठाऊक नसते की ज्याचे नाव त्या दारावर आहे त्याने गोंडी शब्दांसाठी इतके श्रम घेतले होते.

आता गोंडी घरात पाऊल टाकू. घर म्हणजे ‘रोन’. दक्षिणेकडे, गडचिरोली व बस्तर यांच्या बाजूस, ‘लोन’. गाव म्हणजे ‘नार’, आणि गावाकडे येणारी वाट म्हणजे ‘सर्री’. पाणी म्हणजे ‘येर’, विस्तव म्हणजे ‘किस’, पाऊस म्हणजे ‘पिर’. झाड म्हणजे ‘मडा’, आंबा म्हणजे ‘मर्का’, आणि ज्याच्या फुलांवर कित्येक घरांचा उन्हाळा निघतो तो मोह म्हणजे ‘इरुप’. धान्याची जी पातळ पेज मराठी खेड्यांतही ओळखीची आहे तिला गोंडीत ‘जावा’ म्हणतात. मिठाच्या शब्दाची गंमत तर भाषाशास्त्रज्ञांच्या विशेष आवडीची आहे. काही भागांत मीठ म्हणजे ‘सोवर’, पुढे गेले की तेच ‘होवर’, आणि आणखी पुढे ‘ओवर’. आरंभीचा ‘स’ आधी ‘ह’ झाला आणि शेवटी नाहीसा झाला. बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण येथे एका चिमूटभर मिठात सिद्ध होते.

पाहुणा दारी आला म्हणजे जी क्रियापदे लागतात तीही ऐकण्यासारखी आहेत. येणे म्हणजे ‘वायाना’, बसणे म्हणजे ‘उद्दाना’, पिणे म्हणजे ‘उंडाना’, खाणे म्हणजे ‘तिंदाना’, देणे म्हणजे ‘सियाना’, ऐकणे म्हणजे ‘केंजाना’. ये, बस, पाणी पी, जावा घे, आणि मग सांग, मी ऐकतो: कोणत्याही देशातील आतिथ्याचा हाच क्रम असतो, आणि गोंडीचे हे सहा शब्द ज्यास आले त्यास गोंडाच्या ओसरीवर परके वाटण्याचे कारण उरत नाही. ‘परोल’ म्हणजे नाव, ‘निवा’ म्हणजे तुझे, आणि ‘बाता’ म्हणजे काय. ‘निवा परोल बाता?’ असे, किंवा बोलीप्रमाणे थोड्या फरकाने, विचारले की ओळखीचे दार उघडते. एकमेकांस भेटताना ‘जोहार’ व अलीकडे विशेषेकरून ‘जय सेवा’ हे शब्द कानी पडतात.

परंतु नावावर ही ओळख संपत नाही. ती खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. गोंडांत कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ओळखले जातात: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे व सात देवांचे. देवास गोंडीत ‘पेन’ म्हणतात. गोंडीतील अंक असे आहेत: उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आदिलाबादकडील राजगोंडांत ह्याच अंकांवरून नालवेन, सीवेन, सारवेन व येरवेन अशा चार ‘सगां’ची नावे पडली आहेत. मराठी मूल अंक शिकते ते पाटीवर उजळणी लिहिण्यासाठी. गोंड मुलास त्यांतले काही अंक आपले कोण आणि पाहुणे कोण हे ओळखण्यासाठी उपयोगी पडतात. अनोळखी माणूस भेटला आणि त्याची देवसंख्या तीच निघाली, तर तो भाऊ ठरला. वेगळी निघाली, तर त्याच्या घरी सोयरीक होऊ शकते. बस्तरच्या मारिया गोंडांत भावकीच्या कुळांस ‘दादाभाई’ आणि सोयऱ्यांच्या कुळांस ‘अकोमामा’ असे म्हणतात. ‘अको’ म्हणजे आईचा बाप, आणि मामा तर सर्वांच्या ओळखीचा. तात्पर्य, अशा समाजात कोणताही माणूस निव्वळ परका राहत नाही. तो भाऊ तरी असतो किंवा आजोळचा तरी असतो.

आजोळाचा हा धागा पुढे विवाहापर्यंत जातो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न हे गोंडांत पूर्वापार योग्य मानले जाई. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात ह्या प्रथेचे हिंदी नाव नोंदविले आहे: ‘दूध लौटाना’, म्हणजे दूध परत करणे. एका घराने मुलगी दिली, तिने दुसऱ्या घराची लेकरे पाजून वाढविली. पुढल्या पिढीत त्या घरातून मुलगी परत आली म्हणजे ते दुधाचे ऋण फिटले. कायद्याच्या भाषेत हा दोन कुळांतील व्यवहार आहे. परंतु ज्यांनी त्यास दुधाचे नाव दिले त्यांना त्यातील माया पुरती कळलेली होती. ह्या प्रथेमुळेच गोंडीत ‘आती’ हा शब्द बापाच्या बहिणीसही लागतो आणि सासूसही. सून जिच्या घरी जावयाची ती सासू, पूर्वीपासूनच तिची आत्या असे.

‘आती’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाचा कान टवकारला असेल. मराठीतील ‘आत्या’ ही त्याच द्राविडी परिवाराच्या ओळखीची आहे. त्याचप्रमाणे अण्णा, अप्पा आणि अक्का ह्या ज्या हाका महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतात त्याही दक्षिणेच्या द्राविडी भाषांतून मराठीत रुळलेल्या आहेत. ग्रंथांतील शब्द मराठीने संस्कृतापासून घेतले, कचेरीतील फारसीपासून घेतले. परंतु वडील माणसांस मारावयाच्या हाका तिने शेजारच्या द्राविडी ओसरीवरून आणल्या. जिच्याशी उठबस असते तिच्याच घरून असे शब्द येतात. ज्यांस गोंडी ‘रानटी’ वाटते त्यांनी आपल्या अक्कास हाक मारताना क्षणभर थांबून ह्याचा विचार करावा.

धाकट्या भावंडांसाठी गोंडीत स्वतंत्र शब्द आहेत. धाकटा भाऊ ‘तम्मूर’, आणि धाकटी बहीण ‘सेलाड’. तामिळातील ‘तंबी’ व तेलुगूतील ‘तम्मुडु’ ह्यांचाच हा गोंडी भाऊ. मराठीत दादा व ताई ही मोठ्यांस मान देणारी नावे आहेत, पण धाकट्यास ‘धाकटा’ हे विशेषण जोडावे लागते. गोंडीत धाकटेपणासच नाव आहे, आणि त्या नावात त्याचा सांभाळ करावयाची जबाबदारीही आलेली आहे. आजोबांस दोन शब्द आहेत: बापाचा बाप ‘तादो’ आणि आईचा बाप ‘अको’. दक्षिणेकडील काही गोंडांत आजा व नातू परस्परांस एकाच शब्दाने संबोधितात. नातू आजास ‘तादो’ म्हणतो, आणि आजाही नातवास ‘तादो’च म्हणतो. हे ऐकून नवल वाटावयास नको. मराठी आजी नातवास “काय रे माझ्या बापा” म्हणते, आई हट्टी मुलीची समजूत घालताना “उगी ग माझे आई” म्हणते. लहानास मोठ्याचे नाव देऊन त्याच्यापुढे मायेने वाकण्याची ही रीत दोन्ही घरांत आहे. मराठीत ती लाडाची लकब आहे. गोंडीच्या त्या बोलींत तो नात्याचा नियम आहे.

हा नियम केवळ भारतातच आढळतो असेही नाही. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या नैऋत्य भागातील वाळवंटी पठारावर, नावाहो नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांच्या भाषेत बापाकडील आजाआजीस ‘नाली’ म्हणतात, आणि तो आजा आपल्या मुलाच्या मुलासही ‘नाली’च म्हणतो. त्या भाषेत नुसते ‘आई’ असे म्हणताच येत नाही. ‘शिमा’ म्हणजे माझी आई, आणि ‘अमा’ म्हणजे कोणाची तरी आई. कोणाचीच नसलेली आई त्या भाषेस ठाऊक नाही. दोन अनोळखी नावाहो भेटले म्हणजे, गोंडांप्रमाणेच, आधी आपापली कुळे सांगतात आणि मग एकमेकांचे काय लागतो ते ठरवितात. ‘माझे तुझ्यावर फार प्रेम आहे’ हा सारा अर्थ सांगणारे एकच लांबलचक क्रियापद त्यांच्याजवळ आहे. पण नित्याच्या व्यवहारात त्यांची माया वाहते ती ‘शिमा’सारख्या शब्दांतूनच.

नावाहोंची कथा येथे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या सरकारने आदिवासी मुलांस घरापासून दूर वसतिशाळांत ठेवले. तेथे आपली भाषा बोलणाऱ्या मुलास शिक्षा होई. पुढे १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात त्याच सरकारच्या सैन्याने शत्रूस न उकलणारी गुप्त भाषा म्हणून नावाहो भाषेचाच आश्रय घेतला. जी भाषा शाळेत अपराध होती ती रणांगणावर शस्त्र ठरली. १९६६ साली ॲरिझोना प्रांतात रफ रॉक येथे नावाहो लोकांच्या कारभाराखाली एक शाळा उघडली, आणि तेथे मुलांस त्यांची भाषा शाळेतच शिकविली जाऊ लागली. परंतु मध्यंतरी ज्या पिढ्यांनी मार खाल्ला होता त्यांतील कित्येकांनी आपल्या मुलांशी ती भाषा बोलणेच सोडले होते. मुलांवरील मायेमुळेच त्यांनी मायेचे शब्द टाकले, ही त्यातील शोकांतिका होय.

गोंडीची स्थिती हिच्याहून फार निराळी नाही. फक्त येथे छडीचे काम बव्हंशी हशाने केले. २०११ च्या शिरगणतीत गोंड म्हणून नोंदलेल्या लोकांची संख्या एक कोटीच्या वर गेली, परंतु गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजारच भरले. म्हणजे बहुसंख्य गोंडांच्या घरात आज दुसरीच भाषा नांदते. कोठे मराठी, कोठे हिंदी, कोठे छत्तीसगडी, कोठे तेलुगू. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत गोंडी व माडिया रोजच्या व्यवहारात खणखणीत चालतात. नागपूरकडे येऊ लागले की मात्र त्यांची जागा मराठी घेते.

हे कसे घडते ते एका घरावरून समजून घ्यावे. धानोऱ्याकडील एक कुटुंब नोकरीनिमित्त नागपूरच्या एखाद्या वस्तीत राहावयास आले आहे, अशी कल्पना करावी. वडील कचेरीत मराठी बोलतात, मुलगी मराठी शाळेत जाते. पहिल्याच महिन्यात तिच्या तोंडून पाण्याऐवजी ‘येर’ हा शब्द निघतो आणि वर्ग हसतो. मुलगी घरी येऊन सांगते, “मला ती भाषा बोलू नका.” आईबापांस वाटते, लेकराचे हसे होण्यापेक्षा हे बरे. मग गावाकडून आजी येते. ती नातीस जवळ घेऊन जे बोलते ते नातीस अर्धेमुर्धे कळते. नात मराठीत उत्तर देते ते आजीस अर्धेमुर्धे कळते. दोघींत भांडण नाही, अबोला नाही, पण दोघींच्यामध्ये एक पातळ पडदा येऊन पडतो. आजीजवळ गोष्टी आहेत, गाणी आहेत, रेल्याचे ताल आहेत, औषधी पाल्याची नावे आहेत. नातीजवळ ऐकावयाची इच्छाही आहे. परंतु मध्ये शब्दच नाहीत. शेवटी आजी नातीच्या डोक्यावरून हात फिरविते आणि गप्प बसते. त्या हाताची भाषा नातीस कळते. तेवढी एकच भाषा आता त्या दोघींस सामाईक उरलेली असते.

शाळेत मुलांस मराठी शिकवू नये असे येथे सुचवावयाचे नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी त्या मुलीस आल्याच पाहिजेत. तिची भाकरी त्यांच्यावर अवलंबून आहे. परंतु एक भाषा शिकण्यासाठी दुसरी विसरावी लागते ही समजूत खोटी आहे. बेळगावाकडील मूल मराठी व कानडी दोन्ही सहज बोलते, आणि नागपुरातील मूल तर मराठी व हिंदी एका दमात बोलते. त्याची बुद्धी त्यामुळे मंद झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. किंबहुना ज्यास घरची भाषा नीट येते त्यास दुसरी लवकर येते, असा शाळांतील अनुभव आहे. भारताच्या राज्यघटनेतही १९५६ सालच्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५० अ घालण्यात आला असून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे त्यात सांगितले आहे. गोंडी ही आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत नाही. तथापि हा अनुच्छेद त्या अनुसूचीपुरता मर्यादित नाही.

भाषेचे महत्त्व शाळेपेक्षाही दवाखान्यात तीव्रतेने जाणवते. दुखणे ह्यास गोंडीत ‘नोयाना’ म्हणतात. ज्या वैद्यास हा एक शब्द ठाऊक नाही तो रोग्याची नाडी पाहू शकेल, पण दुखते कोठे हे त्यास कोण सांगणार? १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांस आधी माडिया बोली शिकावी लागली. रोग्याचा विश्वास मिळविण्यास औषधाच्या आधी त्याच्याच बोलीतला शब्द पोहोचावा लागतो. आजारी माणूस, भ्यालेला माणूस आणि लहान मूल हे तिघेही आपापल्या आईच्याच भाषेत रडतात.

गोंडी सावरण्याचे उद्योगही चालू आहेत, आणि त्यांत स्वतः गोंडांचाच पुढाकार आहे ही समाधानाची गोष्ट होय. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी एक लिपी रचली. आदिलाबादकडील गुंजाळा ह्या गावी दुसऱ्याच एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली. ह्या दोन्ही लिप्यांस अनुक्रमे २०१७ व २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी गोंडी भाषा, व्याकरण व संस्कृती यांवर आयुष्यभर लेखन केले. छत्तीसगडात २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ नावाची, दूरध्वनीवरून बातमी सांगण्याची व ऐकण्याची सोय निघाली. जंगलातील माणूस आपली तक्रार आपल्याच गोंडीत सांगू लागला. आणि धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीवर उघडली. रफ रॉकनंतर अर्ध्या शतकाने, पण त्याच ओढीने.

तथापि शाळा, लिपी व कोश हे सारे भाषेचे कोठार झाले. भाषेची चूल घरातच पेटते. आईने मुलास, आजाने नातवास, धाकट्यास थोरल्याने जी हाक मारावयाची ती कोणतीही ग्रामसभा किंवा सरकार मारू शकत नाही. तेव्हा गोंड आईबापांनी घरात निदान नात्यांचे आणि जेवणाखाण्याचे शब्द गोंडीत ठेवले, तरी पुष्कळ राखले गेले असे म्हणता येईल. ‘तम्मूर’, ‘सेलाड’, ‘तादो’, ‘अको’ ह्या हाका जोवर ऐकू येतात तोवर विस्तवावर राख साचली तरी निखारा विझलेला नसतो.

आणि नागपुरातील मराठी घरांनी काय करावे? त्यांच्याकडून मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा नाही. त्यांच्या मुलांच्या वर्गात ‘येर’ म्हणणारी एखादी मुलगी असेल, तर तिला हसू नये एवढे तरी त्यांस घरी शिकविता येईल. त्याहून थोडे पुढे जाऊन, “तुमच्यात आंब्याला काय म्हणतात ग?” असे विचारावयास शिकविता येईल. विचारणाऱ्यास एक शब्द मिळेल, आणि जिला विचारले तिची मान ताठ होईल. ती मुलगी त्या दिवशी घरी जाऊन आजीस चार नवे शब्द विचारील, हे नक्की समजावे. हसण्याने जे तुटले ते विचारण्याने सांधता येते.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले म्हणजे तो आत येतो. हा भेद द्राविडी भाषांत फार जुना आहे, आणि मराठीस तो त्या शेजारामुळेच लाभला असावा असे विद्वान मानतात. असे असेल तर ऐकणाऱ्यास आपल्यात घेण्याचा शब्द मराठीने ज्या परिवाराच्या संगतीने घडविला, त्याच परिवारातील गोंडीस ‘आम्ही’च्या बाहेर उभे ठेवणे शोभत नाही. गोंड राजाने वसविलेल्या ह्या नगरात गोंडी बोलणारी आजी एखाद्या दारी आली, तर तिला ‘उद्दाना’ ह्या क्रियापदाची आठवण ठेवून बसावयास सांगावे आणि ‘येर’ पुढे करावे. बाकीची भाषा ती आपण होऊन शिकवील.